पोनी सिलिंडर पाठीवर की कुशीला : अडकवण्याच्या संचाचे परीक्षण

पर्यायी हवेचा छोटा सिलिंडर, म्हणजे डायव्हरांच्या रोजच्या बोलण्यातला पोनी, विकत घेताना बहुतेक जण तो किती मोठा असावा याचा पुष्कळ विचार करतात. तो अंगावर नेमका कुठे बसावा, हा प्रश्न मात्र दुकानात जे ब्रॅकेट हाती येईल त्यावर सोडून दिला जातो. मुख्य सिलिंडरची हवा अचानक बंद झाली तर पुढचा श्वास किती लवकर मिळेल, पोनीचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला असेल तर तो स्वतःला उघडता येईल का, सिलिंडरमधली हवा श्वासाजोग्या दाबाने तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरमधून बुडबुडे सुटू लागले तर ते वेळेवर दिसतील का, आणि गरज पडल्यास सगळा सिलिंडर काढून जोडीदाराच्या हाती देता येईल का, या चारही प्रश्नांची उत्तरे बांधणीवर अवलंबून असतात. म्हणूनच बांधणीच्या साधनाचे स्वतंत्र परीक्षण करावेसे वाटले.

येथे विचारात घेतला आहे तो पोनी डाव्या कुशीला अडकवण्याचा तयार संच. त्यात दोन बोल्ट स्नॅप (दांडी मागे ओढून उघडायचे हूक), त्यांना जोडणारा नायलॉनचा पट्टा, सिलिंडरच्या पोटाभोवती स्क्रूने आवळायची स्टेनलेस स्टीलची पट्टी म्हणजे होज क्लिप, आणि रेग्युलेटरची नळी सिलिंडरला चिकटवून धरणारे दोन रुंद रबरी पट्टे एवढेच सामान असते. अशा संचांची घडण निरनिराळ्या कंपन्यांत जवळजवळ सारखीच असल्यामुळे एखाद्या छापाऐवजी घडणीचेच गुणदोष पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. ३० घनफुटांच्या, म्हणजे दाबून भरलेली हवा मोकळी केल्यावर तेवढी होईल अशा, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर हा संच मी बरेच दिवस वापरत आहे, जॅकेट पद्धतीच्या बीसीडीसोबत (हवा भरून तरंगण्याचा तोल सांभाळणारे साधन) आणि बॅकप्लेटच्या, म्हणजे पाठीवरच्या कडक पाटीला जोडलेल्या पट्ट्यांच्या, हार्नेससोबतही. त्यापूर्वी हाच सिलिंडर मुख्य सिलिंडरला आवळलेल्या ब्रॅकेटमध्ये पाठीवर वाहिला आहे. त्यामुळे खालची तुलना एकाच सिलिंडरच्या दोन जागांची आहे.

बांधणीकडे वळण्यापूर्वी आकाराचा हिशेब मांडणे भाग आहे, कारण कोणती बांधणी शक्य आहे हे शेवटी त्यावरच ठरते. ३० मीटर खोलीवर भोवतालचा दाब ४ बार असतो, म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला ३० लिटर हवा घेणारा घाबरलेला डायव्हर तेथे १२० लिटर घेतो. भानावर येऊन वर निघण्याची तयारी करण्यास २ मिनिटे धरली तर २४० लिटर तेथेच संपतात. मिनिटाला ९ मीटर या वेगाने ५ मीटरपर्यंत येण्यास पावणेतीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि त्यात सुमारे २३० लिटर जातात. ५ मीटरवरच्या ३ मिनिटांच्या सुरक्षेच्या थांब्याला १३५ आणि उरलेले अंतर मिनिटभरात सावकाश चढण्याला ४० च्या आसपास. बेरीज ६४० लिटरच्या पुढे जाते. १३ घनफुटांच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर सुमारे ३७० लिटर, १९ घनफुटांच्या सिलिंडरमध्ये ५४० लिटर आणि ३० घनफुटांच्या सिलिंडरमध्ये ८५० लिटर हवा मावते. म्हणजे १३ चा सिलिंडर या खोलीसाठी अपुरा आहे, १९ चा थांबा गाळला तर जेमतेम पुरतो, आणि ३० चा काही शिल्लक ठेवून वर आणतो. शांत राहून मिनिटाला २० लिटरांवर भागवणाऱ्या डायव्हरला १९ चा सिलिंडरही पुरेल, परंतु पोनी ज्या प्रसंगासाठी घ्यायचा त्या प्रसंगी शांत श्वास गृहीत धरणे मला पटत नाही.

याच हिशेबाने स्पेअर एअर या नावाने विकल्या जाणाऱ्या, व्हॉल्व्हवरच माऊथपीस बसवलेल्या छोट्या नळकांड्याकडेही पाहता येते. त्याच्या मोठ्या प्रकारात ३ घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर हवा असते. ३० मीटरवर वरच्या दराने ती पाऊण मिनिटही पुरत नाही. उथळ पाण्यात त्याला अर्थ आहे आणि पट्ट्याला लावलेल्या म्यानात ते सहज बसते. खोल पाण्यात त्याच्या सोप्या बांधणीची भुरळ पडू देऊ नये.

आता प्रत्यक्ष संच. हातात घेतल्यावर पहिल्यांदा नजरेत भरते ती त्याची साधी घडण. पट्ट्याच्या वरच्या टोकाला केलेला फास सिलिंडरच्या मानेभोवती, व्हॉल्व्हच्या खालच्या खांद्यावर बसतो आणि वरचा बोल्ट स्नॅप त्याच ठिकाणी आखूड दोरीने बांधलेला असतो. पट्टा सिलिंडरच्या पोटावरून खाली उतरून होज क्लिपखाली दाबला जातो आणि तेथे दुसरा बोल्ट स्नॅप असतो. मधल्या भागावर जाड रबरी नळीचा तुकडा ओवलेला असल्यामुळे हाच पट्टा उचलण्याची मूठ होतो. ओला, भरलेला सिलिंडर जेटीवरून नावेपर्यंत नेताना ही मूठ हाताला काचत नाही. बोल्ट स्नॅप गंजरोधक ३१६ दर्जाच्या स्टीलचे असून त्यांची दांडी जाड हातमोज्यांतूनही अंगठ्याने मागे ओढता येते. याहून लहान स्नॅप असलेले संच बाजारात आहेत. ते दिसायला नेटके असतात, पण थंड पाण्यात बधिर झालेल्या बोटांना त्यांची दांडी सापडत नाही, म्हणून ते घेऊ नयेत.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे स्नॅप आणि सिलिंडर यांच्यामध्ये कोठेही धातूला धातू थेट जोडलेला नाही. दोन्ही स्नॅप दोरीच्या गाठीने बांधलेले आहेत. दांडीत वाळू अडकून किंवा मीठ साचून स्नॅप उघडेनासा झाला, तर चाकूने दोरी कापून सिलिंडर मोकळा करता येतो. काही स्वस्त संचांत खालचा स्नॅप होज क्लिपमध्येच कडी घालून अडकवलेला असतो. तो अधिक मजबूत वाटतो खरा, पण डायव्हरला सिलिंडरपासून सुटका हवी असते त्या क्षणी ही मजबुती त्याच्या विरोधात जाते. संच विकत घेताना हे एकच पाहायचे ठरवले तरी निवड फारशी चुकणार नाही.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण त्यात घाई करू नये. खालची क्लिप किती खाली आवळायची हे सिलिंडरवरून ठरत नाही. ते डायव्हरच्या छातीवरची डी-रिंग (स्नॅप अडकवायची डी आकाराची कडी) आणि कमरेवरची डी-रिंग यांच्यातल्या अंतरावरून ठरते. दोन स्नॅपमधले अंतर त्या अंतराइतके किंवा त्याहून किंचित जास्त ठेवावे. ते कमी पडले तर पट्टा ताणला जाऊन खालचा स्नॅप लावताना झटापट होते, आणि फार जास्त झाले तर सिलिंडर पोटाखाली लोंबकळतो. वरच्या स्नॅपची दोरी जितकी आखूड तितका व्हॉल्व्ह काखेजवळ राहतो. तयार संचात ती बहुधा गरजेपेक्षा लांब दिलेली असते, म्हणून ती सोडून पुन्हा बांधावी. आडव्या स्थितीत पोहताना सिलिंडर बरगड्यांना समांतर, काखेपासून मांडीच्या दिशेने गेला पाहिजे. व्हॉल्व्ह हनुवटीखाली येत असेल तर वरची डी-रिंग फार आत आहे असे समजावे.

पाण्यात गेल्यावर हा सिलिंडर जवळजवळ जाणवत नाही. ३० घनफुटांचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे १२ सेंटिमीटर जाड आणि अर्ध्या मीटरच्या आसपास लांब असतो. जमिनीवर त्याचा भार लक्षात येण्याइतका असला तरी पाण्यात तो तरंगण्याच्या आणि बुडण्याच्या मधोमध असल्यासारखा वागतो. त्यात मावणाऱ्या हवेचे वजन सुमारे १ किलो असते. ही हवा वापरली तर ॲल्युमिनियमचा सिलिंडर तळाकडून वर उचलला जाऊ लागतो, कारण व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांचे वजन वरच्या टोकाला असते. अनेक सिलिंडर घेऊन टप्प्याटप्प्याने हवा वापरणाऱ्या तांत्रिक डायव्हरला ही अडचण रोजची आहे. पोनी मात्र नेहमीच्या डायव्हमध्ये भरलेलाच राहत असल्याने त्याची स्थिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही आणि एकदा जुळवलेला तोल टिकतो. स्टीलचा ३ लिटरचा (हे माप सिलिंडरच्या आतल्या जागेचे) पोनी असेल तर तो पाण्यातही जड राहतो. तेवढे शिशाचे वजन कमरेच्या पट्ट्यावरून कमी करून उरलेले उजवीकडे सरकवावे लागते.

कुशीला अडकवण्याच्या पद्धतीचा खरा लाभ कळतो तो नजर खाली वळवल्यावर. व्हॉल्व्ह दिसतो, त्याची मूठ उजव्या हाताने फिरवता येते, फर्स्ट स्टेजवरचा, म्हणजे रेग्युलेटरच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या भागावरचा, बटणाएवढा दाबाचा गेज वाचता येतो. असे गेज फारसे अचूक नसतात. ते २०० बार दाखवत असताना आत १८० असू शकतात, परंतु सिलिंडर भरलेला आहे की अर्धा झाला आहे हे सांगण्यास ते पुरेसे आहेत. फर्स्ट स्टेजच्या जोडातून सुटणारे बुडबुडे गालाजवळून वर जातात, त्यामुळे गळती लपून राहत नाही. पाठीवरच्या ब्रॅकेटमध्ये यातले काहीच शक्य नाही. तेथे गेज वाचायचा तर त्यासाठी वेगळी उच्चदाबाची नळी पुढे आणावी लागते, म्हणजे आधीच गर्दी झालेल्या छातीवर आणखी एक लोंबणारी वस्तू येते. आणि गळती झालीच तर ती जोडीदाराने पाहून खूण केल्याशिवाय कळत नाही. ज्या साधनाचा उपयोगच जोडीदार जवळ नसताना व्हायचा, त्याची राखण जोडीदाराच्या नजरेवर सोपवणे मला धोक्याचे वाटते.

तरीही ब्रॅकेटला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. चांगल्या ब्रॅकेटचे दोन भाग असतात. एक भाग मुख्य सिलिंडरच्या पट्ट्यात ओवून कायमचा बसवायचा, दुसरा पोनीवर आवळायचा, आणि दोन्ही एका खिळीने जोडायचे. खिळी ओढली की पोनी सुटतो. एकदा बसवल्यावर छाती आणि कमर पूर्ण मोकळी राहते, कॅमेरा सांभाळणाऱ्याला किंवा तळाशी लोळून काम करणाऱ्याला हे सोयीचे पडते, आणि नावेवरून उडी मारताना सगळा भार एकाच गठ्ठ्यात पाठीवर असतो. ज्यांच्या बीसीडीवर कमरेला डी-रिंगच नाही त्यांना दुसरा उपाय सहज मिळत नाही. १३ किंवा १९ घनफुटांचा सिलिंडर जेमतेम ११ सेंटिमीटर जाड असतो आणि मुख्य सिलिंडरच्या आडोशाला बऱ्यापैकी लपतो. पण ३० चा सिलिंडर तेथे बसवला की पाठ एका अंगाला ओढली जाते, अरुंद जागेत तो खडकाला आपटतो, आणि मासेमारीची तुटकी दोरी किंवा जाळे मागच्या मागे त्यात गुंतते. ते सोडवायला हात पोहोचत नाहीत. ब्रॅकेटची खिळी डोक्यामागे असल्यामुळे ती ओढण्याचे स्वातंत्र्यही डायव्हरऐवजी दुसऱ्याच कोणाकडे जाते.

यावर काही डायव्हर पोनी उलटा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली कमरेजवळ येईल असा बसवतात. त्यामुळे हात मागे नेऊन व्हॉल्व्ह उघडता येतो हे खरे आहे. मात्र पाठीवरचे सगळे सामान जमिनीवर किंवा नावेच्या फळीवर ठेवताना सर्वांत आधी आपटतो तो हाच व्हॉल्व्ह आणि त्यावरची फर्स्ट स्टेज, म्हणून ही मांडणी करणाऱ्याने प्रत्येक वेळी सिलिंडर आडवा ठेवण्याची शिस्त पाळावी. गर्दीच्या नावेत ते अवघड जाते. मुख्य सिलिंडर बदलण्याचाही प्रश्न आहे: एका दिवसात दोन डायव्ह करायच्या असतील तर ब्रॅकेटचे पट्टे दोन्ही वेळा सोडून, उंची जुळवून, पुन्हा आवळावे लागतात, आणि ओले पट्टे घाईत आवळले की पाण्यात सरकतात. कुशीच्या संचात मुख्य सिलिंडर कोणताही आला, जाड असो वा बारीक, तरी पोनीला हात लावावा लागत नाही. भाड्याने सिलिंडर घेणाऱ्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

या दोन्हींच्या मधली एक पद्धत म्हणजे नुसत्या पट्ट्यांनी पोनी मुख्य सिलिंडरला बांधून टाकणे. ती टाळावी, त्यात ब्रॅकेटचे सगळे दोष आहेत आणि झटकन सुटण्याची सोय नाही.

रेग्युलेटरची निवड बांधणीला धरूनच करावी लागते. कुशीच्या पोनीसाठी साधारण १ मीटर लांबीची नळी योग्य ठरते: ती डावीकडून निघून मानेमागून फिरते आणि सेकंड स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा माऊथपीस असलेला भाग, उजव्या बाजूने तोंडात येते. नळीचा वापरात नसलेला भाग सिलिंडरवरच्या दोन रबरी पट्ट्यांखाली दुमडून ठेवतात. या संचासोबत मिळालेले पट्टे मऊ रबराचे असल्याने नळी एका हाताने ओढल्यावर अलगद निसटते; कडक पट्टे असतील तर ते काढून मोटारीच्या टायरच्या ट्यूबमधून कापलेले पट्टे चढवावेत, ते वर्षानुवर्षे टिकतात. फर्स्ट स्टेज डिन पद्धतीची असावी, कारण ती व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसते आणि बाहेर कमी डोकावते. व्हॉल्व्हला बाहेरून पकडणाऱ्या योक पद्धतीची घट्ट करायची मूठ नेमकी काखेखाली येऊन दंडाला रुतते आणि आपटण्याचीही भीती असते.

पोनीचा सेकंड स्टेज सिलिंडरवर दुमडून ठेवायचा की गळ्याजवळ तयार ठेवायचा, याबद्दल दोन मते आहेत. सिलिंडरवर ठेवला तर सगळे नीटनेटके राहते आणि पूर्ण सिलिंडर काढून देता येतो. पण मोकळ्या पाण्यात एकट्याच्या भरवशावर डायव्ह करणाऱ्याने तो गळ्यातल्या लवचीक फासात, हनुवटीखाली ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. हवा बंद झाल्याचे कळते ते बहुधा श्वास सोडून झाल्यावर, आत ओढताना. तेव्हा छातीत काहीच शिल्लक नसते आणि रबरी पट्ट्याखालून नळी काढण्याइतका धीर सगळ्यांना असतोच असे नाही. हनुवटीखालचा माऊथपीस हात न लावताही ओठांनी पकडता येतो. त्याबरोबर एक दक्षता मात्र अपरिहार्य आहे. मुख्य आणि पोनी यांचे सेकंड स्टेज हाताला वेगळे लागले पाहिजेत, कारण घाईत पोनीचाच माऊथपीस तोंडात धरून उतरायचे, मुख्य गेज भरलेला पाहून निश्चिंत राहायचे आणि काही मिनिटांत पोनी रिकामा करायचा, हा प्रकार अनुभवी डायव्हरांच्या बाबतीतही घडण्यासारखा आहे. निराळ्या रंगाची नळी उजेडात उपयोगी पडते. निराळ्या आकाराचा माऊथपीस गढूळ पाण्यातही ओळखू येतो. उतरण्यापूर्वी पृष्ठभागावर दोन श्वास घेऊन मुख्य गेजची सुई पाहण्याची सवय ठेवली की ही शंका राहत नाही.

व्हॉल्व्ह उघडा ठेवावा की बंद, हा वाद बांधणीशी थेट जोडलेला आहे. पाठीवरच्या पोनीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा लागतो, कारण तेथे हात पोहोचत नाही. त्यामुळे सेकंड स्टेजमधून हवा सुटत राहिली तर ती सगळी जाऊ शकते. कुशीला दोन्ही पर्याय खुले आहेत. श्वासाच्या वायूंची वेगवेगळी मिश्रणे वाहणारे तांत्रिक डायव्हर व्हॉल्व्ह उघडून नळीत दाब भरतात आणि लगेच बंद करतात, म्हणजे चुकीचे मिश्रण चुकून तोंडात येण्याची शक्यता कमी होते. पण नळीतला तो दाब धक्का लागून निघून गेला तर खोलीवर बाहेरचे पाणी रेग्युलेटरमध्ये शिरू शकते, म्हणून त्यांना अधूनमधून पुन्हा दाब भरावा लागतो. एकाच प्रकारची हवा वाहणाऱ्या साध्या डायव्हरने मात्र पोनी उघडा ठेवावा आणि गेजवर लक्ष ठेवावे. पहिला श्वास मागताना व्हॉल्व्ह शोधावा लागू नये, एवढाच त्यामागचा विचार आहे.

पोनीत काय भरावे याबद्दल लांबण लावण्याची गरज नाही: डायव्हच्या सर्वांत खोल जागी श्वासाला सुरक्षित असलेलेच मिश्रण भरावे. ३२ टक्क्यांचा नायट्रॉक्स, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन असलेले मिश्रण, ऑक्सिजनच्या १.४ बार आंशिक दाबाच्या मर्यादेत सुमारे ३३ मीटरपर्यंत चालतो. ५० टक्क्यांचे मिश्रण ३० मीटरवर तोंडात धरले तर ऑक्सिजनचा आंशिक दाब २ बार होतो, आणि तो झटके आणण्याइतका धोकादायक आहे. साधी हवा भरून सिलिंडरवर तसे ठळक लिहावे, हे सर्वांत निर्धोक.

आता या संचाच्या उणिवांकडे. पहिली आणि मोठी उणीव संचाची नसून जॅकेट पद्धतीच्या बीसीडीशी त्याच्या न जमण्याची आहे, पण खरेदीदाराला तिची झळ तितकीच बसते. अशा बीसीडीवर खांद्याच्या डी-रिंग पुष्कळदा प्लास्टिकच्या आणि लवचीक कापडावर शिवलेल्या असतात, कमरेची रिंग योग्य जागी नसते, आणि जॅकेटमध्ये हवा भरताच दोन रिंगांमधले अंतर बदलते. त्यामुळे पृष्ठभागावर नीट बसलेला सिलिंडर खाली गेल्यावर सैल होतो. कमरेच्या पट्ट्यावर वेगळी स्टीलची रिंग ओवून ही अडचण बरीचशी दूर करता येते. त्याहून गंभीर बाब म्हणजे जॅकेटच्या डाव्या बाजूला वजनाचा खिसा असेल तर पोनी नेमका त्याच्यावर येतो. संकटात वजन टाकायचे झाले तर आधी पोनीचा खालचा स्नॅप सोडावा लागेल. ही जुळणी विकत घेण्याआधीच पाहावी आणि खिसा पोनीखाली पूर्ण दबत असेल तर वजन दुसरीकडे हलवावे. बॅकप्लेटच्या हार्नेसवर या दोन्ही अडचणी येत नाहीत. तेथे एवढेच पाहायचे की मुख्य गेजची नळीही डाव्या कमरेच्या रिंगलाच अडकवलेली असते, तेव्हा ती आतल्या बाजूला आणि पोनीचा स्नॅप बाहेरच्या बाजूला राहावा, म्हणजे गेज वाचायला काढताना पोनीला हात लावावा लागत नाही.

दुसरी उणीव संचाचीच आहे. होज क्लिपच्या स्क्रूची पेटी आणि पट्टीचे कापलेले टोक धारदार राहते, ते हातमोजे फाडते आणि ड्रायसूटला, म्हणजे अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखाला, भोकही पाडू शकते. उत्पादकाने त्यावर पातळ प्लास्टिकचे वेष्टण दिले आहे, पण ते काही दिवसांच्या उन्हात तडकले. ट्यूबचा एक रुंद पट्टा क्लिपवरून चढवला की धार झाकली जाते आणि तोच पट्टा नळी धरण्याच्याही कामी येतो. क्लिप आवळताना स्क्रूची पेटी शरीराच्या विरुद्ध बाजूला ठेवावी. तिसरी उणीव किरकोळ आहे: नायलॉनच्या पट्ट्याला दिलेला फास एकाच मापाचा असल्याने लहान मानेच्या सिलिंडरवर तो सैल बसतो आणि सिलिंडर स्वतःभोवती फिरतो. दोरीचा एक वेढा जास्त दिल्यावर हे थांबते.

नावेवरून उतरताना सवयीप्रमाणे दोन मार्ग आहेत. समुद्र शांत असेल तर दोन्ही स्नॅप लावून, पोनी डाव्या हाताने अंगाशी दाबून पाऊल टाकता येते. लाटा असतील तर पोनी दोरीला अडकवून पाण्यात सोडावा आणि आपण उतरल्यावर तो लावून घ्यावा. लावताना आधी वरचा स्नॅप, मग खालचा. काढताना आधी खालचा, मग वरचा. हा क्रम उलटा झाला तर सुटलेला व्हॉल्व्ह खाली झुलतो आणि गुडघ्यावर किंवा शिडीवर आपटतो. शिडी चढण्यापूर्वी पोनी काढून वर देणे शक्य असते, हा कुशीच्या बांधणीचा असा लाभ आहे की जो लाटांमध्ये शिडी चढलेल्यालाच नीट कळेल. वर हात देणाऱ्याने सिलिंडर व्हॉल्व्हला किंवा नळीला न धरता मुठीला धरावा, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

एवढे साधे साधन असले तरी त्याचा सराव केल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. उथळ, बंदिस्त पाण्यात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही स्नॅप डोळे मिटून एका हाताने लावता आणि काढता आले पाहिजेत, मास्क नसताना पोनीचा सेकंड स्टेज सापडला पाहिजे, आणि पोनीवर श्वास घेत ५ मीटरवर ३ मिनिटे एका जागी स्थिर राहता आले पाहिजे. या शेवटच्या सरावात हवेचा स्वतःचा दरही कळतो, आणि वर मांडलेला हिशेब मग स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा करता येतो.

देखभालीबाबत पोनीची एक खास अडचण आहे: त्यातली हवा वापरली जात नाही, म्हणून तो विसरला जातो. त्याचा रेग्युलेटरही मुख्य रेग्युलेटरइतक्याच नियमाने तपासून घ्यावा लागतो, सिलिंडरची आतून पाहणी वर्षातून एकदा करून घेणे चांगले, आणि दाबाची चाचणी अनेक ठिकाणी ५ वर्षांनी बंधनकारक असते. सिलिंडर तपासणीला देताना क्लिप आणि पट्टा काढावाच लागतो. तेव्हा क्लिपखालचा भाग नीट पाहावा, कारण स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी साचून राहिले की तेथे धातू खाल्ला जातो. क्लिपखाली रबराची पट्टी घातली तर ही झीज बरीच कमी होते, आणि संचात ती दिलेली नसल्याने आपणच घालावी. प्रत्येक डायव्हनंतर बोल्ट स्नॅप गोड्या पाण्यात दांडी मागेपुढे करत धुवावेत. स्प्रिंग जड वाटू लागली की तेल घालत न बसता स्नॅपच बदलावा.

कमरेला रिंग असलेला हार्नेस वापरणाऱ्या आणि १९ ते ४० घनफुटांचा ॲल्युमिनियमचा पोनी बाळगणाऱ्या डायव्हरने हा संच निःशंकपणे घ्यावा. जॅकेट वापरणाऱ्याने आधी आपल्या बीसीडीवर दोन रिंगांची जागा आणि वजनाचा खिसा पाहून घ्यावा, आणि जुळणी होत नसेल तर लहान पोनीसह खिळीचे ब्रॅकेट स्वीकारून त्याला पुढे आणलेला गेज जोडावा. ४० घनफुटांच्या सिलिंडरसाठी संच मागवताना त्याची जाडी १३ सेंटिमीटरच्या पुढे असते हे ध्यानात ठेवून मोठ्या मापाची क्लिप मागावी. ३० च्या सिलिंडरसोबत येणारी क्लिप त्यावर आवळता येतेच असे नाही.